आलेल्या फोनाचे पैसे

“दे की जरा इकडे,” म्हातारा म्हणाला.

मी त्याला हातानंच थांबवलं. मेंढवाड्यामागच्या टेकाडावर आम्ही दोघं उभे होतो. आमच्या दरीत फोन लागतो तो फक्त तिथं. रविवारची दुपार होती, बर्फ वितळून पायाखाली नुसता चिखल झालेला. म्हातारा म्हणजे माझा नवरा, असानकुल. त्या हिवाळ्यात छातीनं पार थकला होता. एरवी दर रविवारी मी एकटीच वर चढायची, मेदेरशी बोलायची आणि खाली येऊन सांगायची, पोरगा बरा आहे. त्या दिवशी मात्र तो काठी टेकत, तीनदा बसत, माझ्यामागून वर आला. कशाला आलात म्हटलं, तर म्हणाला, “बोलायचंय.”

मेदेर आमचा एकुलता एक. चार वर्षं रशियात एका मोठ्या शहरात इमारतींना फरशा बसवत होता. जाताना त्यानं विचारलं होतं, “आई, तिकडचा नंबर घेऊ का? परवडेल.” मी म्हटलं, “घे ना. आणि आईही तिकडचीच बघ एखादी.” मला वाचता येतं ते अडखळत, आणि त्याचा इथला नंबर तोंडपाठ झालेला. पण खरं कारण ते नव्हतं. पोटच्या पोराशी बोलायला परक्या मुलखाचा नंबर लावायचा, हे मला कमीपणाचं वाटलं. तेव्हा जुनाच नंबर राहिला. फोन लावणार मी, पैसे जाणार माझे, मग त्याचं काय बिघडतं, असा माझा हिशेब.

“ऐक,” मी फोनात म्हणाले, “तुझी बायको दर शुक्रवारी तालुक्याच्या बाजाराला जाते. दह्याचे वाळवलेले गोळे विकायला म्हणे. पिशवी भरून जाते आणि घरी येते ती हात हलवत. पैसे कुठे गेले म्हटलं की मुकी. गेल्या शुक्रवारी मी जाऊच दिलं नाही. मेंढ्या व्यायल्यात, म्हटलं, बाजार कसला करतेस.”

मग तो म्हणाला, “आई, तिला जाऊ द्यायला हवं होतंस.”

“आलास का लगेच बायकोच्या बाजूला?”

“बाबा कुठे आहेत?”

“इथेच आहेत. पळून चाललेत का कुठे? आधी माझं ऐक.”

म्हाताऱ्यानं हात पुढे केला होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि नाझिराच्या, म्हणजे सुनेच्या, आणखी दोन गोष्टी सांगितल्या. तिनं फोडलेली वाटी. तिची माहेरची ओढ. तिसरी सांगायला घेतली आणि फोन तुटला. पुन्हा लावला तर एक बाई रशियन भाषेत काहीतरी सांगून बंद झाली.

“मेल्या टॉवरला काहीतरी झालंय,” मी म्हणाले.

“राहू दे. पुढच्या रविवारी बोलेन,” म्हातारा म्हणाला.

उतरताना त्यानं माझ्या खांद्याचा आधार घेतला. दिवसाउजेडी, चारचौघांना दिसेल असा हात त्यानं माझ्या अंगावर कधी ठेवला नव्हता. मला लाज वाटली, म्हणून मी भराभर चालले.

बुधवारी सकाळी चहाची वाटी हातात असतानाच तो गेला.

मरणाची बातमी फोनवर देणं आमच्यात वाईट. वडीलधाऱ्यांनी जवळ बसवून, दोन्ही बाजूंनी हात धरून सांगायचं असतं. पण ‘बाबांना बरं नाही, निघ’ एवढं तर म्हणता येतं. मी टेकाडावर पळत गेले. फोन लागेना. पुन्हा खाली, पुन्हा वर. तीच रशियन बाई. मला वाटलं, पोरानं फोन मुद्दाम बंद ठेवलाय, बायकोबद्दल बोलले म्हणून रुसलाय. मनातल्या मनात मी त्याला चार शिव्याही दिल्या.

नाझिरा पायथ्याशी उभी होती. म्हणाली, “आई, मला तासाभरासाठी बाजारात जाऊन येऊ द्या.”

“सासरा आत पडलाय आणि तुला बाजार सुचतो?”

ती ओठ आवळून आत गेली.

शेवटी चुलतदिरानं त्याच शहरात राहणाऱ्या जुमाबायला निरोप दिला. त्याचा स्वतःचा तिकडचा नंबर होता, तो लागला. जुमाबाय रीतीचा माणूस. आपल्यातले चार वडीलधारे कामावरून सुटेपर्यंत थांबला, मग सगळे मिळून मेदेरच्या खोलीवर गेले. तोवर त्या दिवसाचं विमान निघून गेलं होतं. आम्ही दोन दिवस वाट पाहिली. शुक्रवारी दुपारी माती दिली. मेदेर संध्याकाळी पोचला. गाडीतून रस्त्यावरच उतरला आणि बापाच्या नावानं मोठ्यानं रडत, वाकून, चालत अंगणापर्यंत आला. मी दुखवट्यासाठी अंगणात उभारलेल्या तंबूत भिंतीकडे तोंड करून विलाप गात होते. त्याचा आवाज ऐकला आणि माझे शब्दच संपले. शेजारणीनं पुढचं गाऊन सावरून घेतलं.

त्याच्यासोबत ओमुर आला होता, पलीकडच्या गावचा, त्याच्याच खोलीत राहणारा. दुसऱ्या दिवशी जेवायला बसला. गप्पिष्ट पोरगा, दुखवट्याच्या घरातही जीभ आवरेना.

“काकू, तुमचा आवाज मी लगेच ओळखला. रविवारी तुमचा फोन आला की हा बाहेर जिन्यात जाऊन उभा. आम्ही मागून ओरडायचो, गेला रे, नान गेला.”

“कसला नान?”

“मिनिटाला एका नानाचे पैसे पडायचे ना त्याला.”

“फोन मी लावते. पैसे माझे जातात.”

ओमुरनं हातातलं हाड खाली ठेवलं. “तुमचे जातात तेवढे जातात, काकू. पण आपला नंबर परक्या मुलखात नेला की उचलणाऱ्याचेही जातात. बोलणारी तुम्ही, पैसे त्याचे. आणि त्यात भर घालायची तर तिकडून घालता येत नाही. ती इथंच घालावी लागते. वहिनी घालायच्या ना शुक्रवारी, बाजारातल्या त्या फोनचे पैसे भरायच्या पेटीत. संपले की फोन मुका. कुणाचा येतही नाही.”

मेदेर म्हणाला, “जेव तू, ओमुर.”

तेव्हा कुठे त्याला कळलं आपण काय बोलून बसलो ते. घास तोंडात तसाच धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

नाझिरा किटली घेऊन दाराशी उभी होती. मी उठून तिच्याकडे गेले. माणसं होती, तरी गेले.

“मला का नाही सांगितलंस?”

“त्यांनी नको म्हटलं होतं. आईला कळलं तर आई बोलणंच सोडेल, म्हणाले.”

“आणि बुधवारी? मी तुला टाकून बोलले तेव्हा?”

तिनं मान वर केली नाही. हळूच म्हणाली, “तुम्ही विचारत नव्हतात, आई. सांगत होतात.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी या वाक्यावर मी तिची तीन पिढ्यांची खबर घेतली असती. त्या दिवशी मी तिच्या हातातली किटली घेतली आणि पाहुण्यांना चहा वाढत सुटले. सून समोर असताना सासू चहा वाढतेय म्हणून बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बघू देत.

चहा ओतताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. त्या रविवारआधी पेटीत भर पडली नव्हती, कारण मी पडू दिली नव्हती. मागच्या आठवड्याचं जे काय उरलं होतं, तेवढंच. ते कुणासाठी होतं? आणि मी ते कशावर उडवलं? जी बाई ते भरत होती तिच्याच चुगल्यांवर. फुटलेल्या वाटीवर.

दुपारी मेदेर कुंपणाशी बापाची काठी साफ करत बसला होता. टोकाचा चिखल वाळला होता, तो नखानं काढत होता.

“आई,” त्यानं वर न बघता विचारलं, “बाबा माझ्यासाठी काही बोलले का?”

याचं उत्तर मला बायकांनी आधीच शिकवून ठेवलं होतं. तुझं नाव घेतच डोळे मिटले, असं सांग. सगळ्याच सांगतात. त्यानं पोराला बरं वाटतं, कुणाचं काही जात नाही. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. गावात माझ्या तोंडाला कुणी तोंड देत नाही. चाळीस वर्षांत मी कुणापुढे चुकले म्हटलेलं नाही, म्हाताऱ्यापुढेसुद्धा नाही.

“बोलायचं होतं त्यांना,” मी म्हणाले. “त्या रविवारी ते टेकाडावर आले होते. तीनदा बसत आले. हात पुढे केला होता. मी फोन दिला नाही.”

त्याचं नख थांबलं.

“काय बोलायचं होतं?”

“माहीत नाही. खाली आल्यावर मी विचारलंच नाही. पुढच्या रविवारी म्हणाले, तर म्हटलं बरं.”

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडले असते, आणि सोपं झालं असतं.

“मला त्यांचा खोकला ऐकू येत होता,” तो म्हणाला. “मागे. मला वाटलं, आता घेतील, आता घेतील.”

मग तो उठला, काठी दाराआड ठेवली आणि मेंढ्यांना चारा घालायला गेला.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर तो परत निघाला. राग होता की गेला, मला कळलं नाही. बापासारखाच तो, आतलं बाहेर येऊ देत नाही. जायच्या सकाळी त्यानं कोळशानं कपाटाच्या दारावर तिकडचा नवा नंबर, आधीच परतलेल्या ओमुरला घेऊन ठेवायला सांगितलेला, मोठ्या आकड्यांत लिहिला. अकरा आकडे. “हा लाव,” म्हणाला. “यावर माझं काही जात नाही.” मी नाझिराला बोलावलं आणि वाचून दाखव म्हटलं. ती एकेक आकडा सांगायची, मी मागून म्हणायची. दूध काढताना म्हटला, कणीक मळताना म्हटला. सातवा आकडा सारखा चुकायचा. ती न हसता दुरुस्त करायची. शनिवारपर्यंत पाठ झाला.

रविवारी टेकाडावर जाऊन मी तो लावला. दोनदा वाजला.

“हां, बोल आई.”

“तू बोल,” मी म्हणाले.

तिकडे शांतता. फोन तुटला की काय म्हणून मी तो कानाला घट्ट दाबला. तुटला नव्हता. मागे कुठेतरी फरशी कापायचं यंत्र चालू होतं, ते बंद झालं. चार वर्षांत मी त्याला बोलायला जागा ठेवली नव्हती, आता कुठून सुरुवात करावी ते त्याला सुचत नव्हतं.

“इथं आज ऊन पडलंय,” तो शेवटी म्हणाला.

“हं,” मी म्हणाले, आणि पुढचं ऐकायला थांबले.