सहीने न हललेले घर

मित्रांनो, मी एक जुना दस्त आहे. बारा पाने, खाली सह्या, कडेला शिक्के आणि शेवटच्या पानावर इस्त्रीचा तांबूस डाग. पण म्हणून मला रद्दीत काढायचा विचार कुणी करू नये. माझ्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत!

माझा जन्म एका वकीलबाईंच्या टेबलावर झाला. समोर एक लॉन्ड्रीवाली बसली होती. रस्त्यालगत तिची लॉन्ड्री आणि वर राहायच्या दोन खोल्या. नवरा गेल्यावर तो सगळा व्याप तिने एकटीने ओढला. मोठ्या मुलाला शिकवले, दुसऱ्या शहरात दुकान थाटून दिले. धाकटी मुलगी मात्र तिच्याजवळच होती. चादरीची घडी घालावी तर तिनेच, म्हणून गिऱ्हाइके तिला घडीताई म्हणत. पण लांबलचक बोलणे तिला उमगत नसे, आणि कुणी गोड बोलले की ती लगेच हो म्हणे. एकदा एका गोडबोल्याने तिच्या मनगटावरचे घड्याळ मागितले. तिने हसत काढून दिले.

"घर तिच्या नावावर करून ठेवू का?" लॉन्ड्रीवालीने विचारले.

"म्हणजे घड्याळासारखं घरही देऊन बसेल," वकीलबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा ट्रस्ट करा. घर ट्रस्टचं होईल. दोन विश्वस्त नेमा. त्यांनी ते फक्त तिच्यासाठी सांभाळायचं. विकायचं नाही, स्वतः वापरायचं नाही."

"आणि तिच्यामागे?"

"तुम्ही लिहाल त्याला मिळेल."

"मग माझ्या नातवंडांना. मुलाच्या मुलांना."

तसे लिहिले गेले. विश्वस्त म्हणून घडीताईची मावशी आणि शेजारचे औषधवाले यांनी सह्या केल्या. त्या दिवशी माझा काय थाट होता! लॉन्ड्रीवालीने मला दोन्ही हातांत धरून घरी नेले आणि कपाटात ब्लँकेटांखाली ठेवले.

तिथेच मी दोन वर्षे पडून राहिलो. घर माझ्या हवाली करायचा कागद तेवढा राहून गेला होता. वकीलबाई फोनवर सांगून थकल्या, "अहो, घर अजून तुमच्याच नावावर आहे. आत काहीच नसेल तर ट्रस्ट करून उपयोग काय?" लॉन्ड्रीवाली म्हणे, "करू हो, कामातून डोकं वर निघू दे." एकदा घडीताईला मी सापडलो. माझ्या सुरकुत्या बघून तिला राहवेना. तिने चक्क माझ्यावर इस्त्री फिरवली. डाग तेव्हाचाच. चटका बसला, पण कुणीतरी विचारपूस केली याचाच मला आनंद झाला.

मग एके सकाळी ओल्या जिन्यावरून लॉन्ड्रीवालीचा पाय घसरला. खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात डॉक्टर ऑपरेशनची घाई करत होते, पण ही ऐकेल तर शपथ! "आधी माझा तो कागद, मग तुमची सुरी." शेवटी वकीलबाई नोंदणी अधिकाऱ्याला घेऊन आल्या. पलंगावरच सही झाली आणि घर माझ्या हवाली झाले. त्यानंतर ती चारच महिने जगली.

आई गेल्यावर महिन्याभरात दादा आला. बरोबर घर विकायचा टाइप केलेला कागद होता. "आमच्याकडे राहायला चल. मुलं तुझी वाट बघतायत. इथे फक्त सही कर."

घडीताईने सही केली. हो, केली!

मावशी धावत आली. तिने मला कपाटातून काढले आणि दादासमोर उघडले.

"मावशी, तिने स्वतःच्या हाताने सही केली आहे," दादा म्हणाला.

"केली असेल. पण घर तिचं आहे कुठे? ट्रस्टचं आहे. आणि आम्हा विश्वस्तांनाही ते विकायची मुभा नाही. वाच, सातवं पान."

दादाने वाचले. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आईचा माझ्यावर विश्वासच नव्हता."

"अकरावं पानही वाच. तुझ्या मुलांची नावं आहेत तिथे."

तेवढ्यात घडीताई म्हणाली, "दादा, मी येणार नाही. माझ्या चादरी राहिल्यात."

"मघाशी हो म्हणालीस ना?"

"मघाशी तू गोड बोललास."

दादा कोर्टात गेला. सही करताना आईचे डोके ठिकाणावर नव्हते, असा त्याचा दावा. डॉक्टरांनी साक्ष दिली, "त्या बाईंनी माझ्याशी तासभर वाद घातला, आणि जिंकल्याही. डोकं चांगलंच ठिकाणावर होतं." दावा फेटाळला गेला. दादा अजून बहिणीशी बोलत नाही. त्याचे मला वाईट वाटते. पण म्हणून माझे एक अक्षरही बदलणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही असे कुणी असेल. त्यांच्यासाठी वेळेवर लिहून ठेवा. पण नुसते लिहून आम्हाला कपाटात कोंडू नका. जे राखायचे ते आमच्या हाती द्या, आणि विश्वस्त निवडताना दारात पाय रोवून उभा राहणारा माणूस निवडा.

आज सकाळीच एक अनोळखी गृहस्थ लॉन्ड्रीत आला. फार गोड बोलत होता. घर कुणाचे, विकणार का, असे विचारत होता. घडीताईने इस्त्री बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिले.

"घर माझं नाही," ती म्हणाली. "पण इथून मला कुणी हलवू शकत नाही."