राजा पोचला नाही

सासरे हाडाचे कातारी. लेथवर बुद्धिबळाच्या सोंगट्या उतरवायचे आणि सून त्या ऑनलाइन विकायची. बरं चाललं होतं. मग एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, पांढरा घोडा आला नाही."

तिने माफी मागून घोडा पाठवला. मग त्याच गिऱ्हाइकाचा उंट आला नाही. मग वजीर. पांढरी फौज आटोपल्यावर काळी सुरू झाली, आणि प्यादी तर मूठमूठभर गायब होऊ लागली. वाईट शेरा पडला तर दुकान बसेल, म्हणून ती मुकाट्याने पाठवत राहिली.

"कुठंतरी पाणी मुरतंय," सासरे म्हणाले. "डबा भरताना फोनवर चित्रण करतेस ना? बघ की."

तिने पाहिलं. डब्यात सगळं होतं. तेवढ्यात फोन वाजला. आता काळा राजा आला नव्हता.

"व्हिडिओत राजा स्पष्ट दिसतोय," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. तो व्हिडिओतच राहिला."

डोक्यावरून पाणी गेलं. राजा पर्समध्ये टाकून ती स्वतःच त्याच्या पत्त्यावर गेली.

दार गिऱ्हाइकानेच उघडलं. मागे टेबलावर पट मांडलेला, एकही सोंगटी कमी नव्हती. इतक्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "वजिरापुढचं प्यादं एक घर." याने आपल्या पटावर ते प्यादं सरकवलं.

"तिकडे कोण?"

"थोरला भाऊ. आमचं बोलणं बंद आहे."

"आत्ता बोलले ना?"

"तो खेळ झाला. बोलणं वेगळं." त्याने मान खाली घातली. "समोरासमोर बसत नाही, म्हणून त्याला वेगळा संच लागतो. पण सरळ दुसरा मागवला, तर भांडण कायमचं म्हणून कबूल केल्यासारखं होतं. हरवल्या म्हणून मागवल्या की तात्पुरतं वाटतं. खिडकीतून देतो त्याला. राजाच्या जागी मिठाची डबी ठेवलीय त्याने. ताई, तेवढा राजा देऊन या."

ती शेजारच्या दारात गेली. थोरल्याने डबी उचलली, राजा ठेवला आणि सोंगट्या मोजल्या. "एक काळं प्यादं कमी आहे."

"मूठ उघडा," ती म्हणाली.

त्याने सावकाश उघडली. "हां. हातातच होतं."

मग मात्र ती दोन्ही दारांच्या मधे उभी राहिली. "दुसऱ्या संचाचे पैसे कोण देणार ते ठरवा. तोवर मी हलत नाही."

"मागवला त्याने, तो देईल," थोरला म्हणाला.

"वापरतोय तो. लहानपणापासून असाच आहे, दुसऱ्याच्या ताटातलं गोड लागतं."

"आणि तू रे? माझी सायकल कोणी मोडली?"

सायकलीवरून गाडी आईच्या आजारपणावर गेली, तिथून दोघांच्या गुडघेदुखीवर. शेवटी दोघांनी निम्मे निम्मे दिले आणि तिला चहाही पाजला.

ती घरी आली तेव्हा सासरे लेथ पुसत होते. "मिटलं?"

"मिटलं. आता ते एकाच पटावर खेळणार आहेत. दुसरा संच परत घ्याल का, विचारत होते."

सासऱ्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "घे," ते म्हणाले, "पण त्यांच्यासमोर मोजून."