लवंगेचा वास

तिचं लग्न ठरलं तेव्हा मोठी नणंद म्हणाली होती, "आपण सून नाही, नाक आणतोय घरात." तेव्हा ती बिअरच्या एका मोठ्या कारखान्यात चव तपासायला होती आणि तिचं नाक खरोखरच तिखट होतं. मग बाळ झालं, नोकरी सुटली आणि ते नाक दिवसभर दुपट्यांत खुपसलेलं राहिलं.

म्हणून त्याच नणंदेने, ताईंनी, स्वतःच्या छोट्या ब्रुअरीत चव घ्यायला बोलावलं, तेव्हा ती हरखून गेली. "नाक शाबूत असेल तर इथेच कामाला ये," ताई म्हणाल्या होत्या. नवरा बाळाला घेऊन शेजारच्या ऑफिसात बसला. इकडे ती प्रत्येक घोट तोंडात घोळवून थुंकत होती, पण कान दाराकडे.

टेबलापलीकडे दाढी बसला होता; सगळे त्याला याच नावाने हाक मारत. ताईंचा जुना मित्र आणि आता धंद्यातला प्रतिस्पर्धी. पहिला ग्लास त्याच्याच काळ्या बिअरचा.

"जळकी कॉफी," ती म्हणाली. "पण मुद्दाम जाळलेली. छान आहे."

"वहिनींना कुणीतरी पढवून ठेवलंय वाटतं," दाढी खूश होऊन म्हणाला.

दुसरी कुठल्याशा नव्या ब्रुअरीची. "ही नीट उकळलेली नाही. उकडलेल्या मक्याचा वास येतोय." ताईंनी दाढीकडे बघून भुवया उडवल्या. बघ, आमची आहे.

तेवढ्यात बाळ रडलं. दात येत होते. ती धावत आत गेली, पिशवीतलं मलम बोटावर घेऊन त्याच्या हिरड्यांवर चोळलं, बोट दुपट्याला पुसलं. बेसिन कोपऱ्यातच होतं. पण बाहेर सगळे खोळंबले होते आणि 'मुलाची आई म्हणजे असंच चालणार' असं कुणाला वाटायला नको होतं.

तिसरा ग्लास ताईंचा, टाकीतून आत्ताच काढलेला. फिकट, सोनेरी. तिने सवयीने ग्लासचं तोंड हाताने झाकलं, बिअर घोळवली, हात बाजूला करून वास घेतला.

"लवंग," ती म्हणाली.

ताईंचा चेहरा पडला. "नीट बघ ना."

"स्पष्ट येतोय, ताई. बाहेरचं रानटी यीस्ट शिरलंय, बिअर नासलीय."

ग्लास हातोहात फिरला. दाढीने हुंगला आणि मान हलवली. "गव्हाची बिअर असती तर शोभली असती लवंग. हिच्यात नाही." ताईंनीही हुंगला. त्यांनाही आला.

"म्हणजे गेली टाकी," ताई उठल्या. "तेच पाइप उद्या दुसऱ्या टाकीला लावायचेत. तिकडे पसरायच्या आत ओतलेली बरी." आणि जाता जाता तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "तू होतीस म्हणून कळलं. नाहीतर हीच गेली असती लोकांच्या घशात."

तिला इतकं बरं वाटलं की गालच गरम झाले. कपाळावर आलेली बट मागे सारायला तिने हात वर केला आणि नाकाजवळून बोट गेलं.

लवंग.

तिने बोट पुन्हा नाकाशी नेलं. दाढी स्वतःच्याच बिअरमध्ये रमला होता. पलीकडे ताईंनी टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडला आणि बिअर मोरीच्या जाळीवर कोसळू लागली.

ओरडायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मनात भलतेच हिशोब सुरू झाले. दाढी हसेल. गावभर सांगेल. ताई पुन्हा बोलावणार नाहीत. कदाचित खरंच यीस्ट असेल, दोन्ही असेल. तिने बोट हळूच कुर्त्याला पुसलं. मग दुसऱ्या हाताने स्वच्छ ग्लास घेतला, टाकीशी गेली, पडणाऱ्या धारेखाली धरला आणि हुंगला.

गवत, लिंबाची साल, ताजा पाव. सुरेख बिअर होती.

फेस पायापर्यंत आला तेव्हा ती म्हणाली, "ताई, बंद करा. माझ्या बोटाचा वास आहे. बाळाचं मलम."

ताईंनी व्हॉल्व्ह फिरवला. त्यांनी तिचा हात धरून हुंगला, मग टाकीला कान लावून बाहेरून टकटक केली. आवाज अगदी खालीच भरीव येत होता; वर टाकी रिकामी झाली होती.

"अहो वहिनी," दाढी लांबून म्हणाला, "निदान हात तरी."

"गप रे तू," ताई म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, तोच तिला हवा होता. "कधी आलं लक्षात?"

ती जाळीवर विरत जाणाऱ्या फेसाकडे बघत होती.

"आत्ताच," ती म्हणाली.

"असू दे. झोप नसते गं, डोकं ठिकाणावर राहत नाही. बाळ थोडं मोठं होऊ दे, मग बघू."

नवरा बाळाला कडेवर घेऊन दारात आला. "काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाल्या, "तुझ्या लेकाने माझी टाकी रिकामी केली."

सगळे हसले. बाळही हसलं आणि तिच्याकडे झेपावलं. तिने त्याला घेतलं, घट्ट धरलं, आणि तो दोष त्याच्यावरच राहू दिला.