खळवाडीचा व्हॉल्व्ह

"इथंच होतं झाकण!" झिपरूने लोखंडी चावी जमिनीवर आपटली. "चार दिवसांपूर्वी इथंच वाकून बंद केला ना मी व्हॉल्व्ह!"

पहाटेचे साडेचार वाजले होते. हातातल्या बॅटरीच्या उजेडात तलावाच्या बांधावर फक्त लाल पेव्हर ब्लॉकची सपाट वाट दिसत होती. ना झाकण, ना खड्डा.

झिपरू आमच्या गावचा पाणी सोडणारा. छातीएवढ्या उंच चावीने गावाचं पाणी या आळीतून त्या आळीत वळवण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली. नळाला पाणी आलं की त्याची आठवण कुणाला येत नाही, आणि नाही आलं की सगळ्या गावाच्या आठवणीने त्याला उचक्या. आज पाच ते सात खळवाडीची पाळी होती. खळवाडी लाइनच्या शेवटी. पाळी हुकली की पुढचं पाणी थेट चार दिवसांनी.

ही लाल वाट 'सूर्योदय धावक मंडळा'ची. मंडळाचे अध्यक्ष अखिलशेठ, चोपडा रस्त्यावरचे कापडवाले. दिवाळीत ते पणजीला आतेभावाकडे गेले, पहाटे समुद्राकाठी धावले आणि परत आले ते एकच ध्यास घेऊन, की आपल्या गावालाही असा रस्ता हवा. सातपुड्याच्या पायथ्याशी समुद्र कुठून आणणार? म्हणून मग तलाव. माणसांनी धावावं, त्याला माझी ना नाही. पण सूर्योदयाच्या आड येतो म्हणून बांधावरचा कडुनिंब कापला. व्हॉल्व्हचं झाकण वर आलेलं, कुणी अडखळेल म्हणून तेही गाडून टाकलं. झिपरूने त्या झाकणाभोवती स्वतः खडूने गोल आखून दिला होता आणि अखिलशेठना दुकानात जाऊन सांगितलंही होतं. "हो हो भाऊ, लक्षात आहे," शेठ म्हणाले होते. म्हणे लक्षात आहे!

कडुनिंबापासून सात पावलं, हा झिपरूचा हिशेब. आता पावलं मोजायची कुठून? एकच उपाय उरला. तो व्हॉल्व्ह जुना. बंद असला तरी आत बारीक गळायचा. झिपरू गुडघ्यावर बसला, चावीचं एक टोक फरशीवर टेकवलं, दुसऱ्याला कान लावला. मग हातभर पुढे सरकला. पुन्हा कान.

इतक्यात मागून आवाज आला. "झिपरूभाऊ, पानी काब्रं उनं नही?" पाणी का आलं नाही ते विचारायला खळवाडीच्या सुनंदाबाई रिकामा हंडा घेऊन आल्या होत्या. मागे आणखी पाच-सहा बायका. "मनी नातनी आज हळद शे. पाव्हना येवाले लागनात, घरमा घोटभर पानी नही!"

"अक्का, सापडाले तं पाहिजे. झाकण गाडी दिन्हं यासनी."

सव्वापाचला धावणारे आले. वीस-पंचवीस जण, सगळ्यांचे बनियन नवेकोरे. आज त्यांचं उद्घाटन. पणजीचा तो आतेभाऊ, पारस, खास आला होता. समुद्रकाठच्या धावायच्या वाटांची माहिती तो फोटोंसकट इंटरनेटवर टाकतो, त्यात आता ही वाटही जाणार होती. पन्नास पायांची धडधड सुरू झाली आणि झिपरूच्या कानात दुसरं काही येईना.

तो हात जोडून उभा राहिला. "शेठ, दोन मिनिटं पळू नका. आवाज ऐकू येत नाही."

अखिलशेठ जागच्या जागीच उड्या मारत म्हणाले, "भाऊ, आज नको हो. पाहुणे आलेत. एक दिवस पाणी उशिरा आलं तर काय बिघडतं?"

काय बिघडतं! ज्याच्या अंगणात बोअर आणि गच्चीवर दोन टाक्या, त्याचं काय बिघडणार? झिपरूचा चेहरा लाल झाला. पुढे आल्या सुनंदाबाई. त्यांनी हंडा वाटेच्या मधोमध ठेवला आणि शेजारी बसकण मारली. बाकीच्या बायकाही बसल्या.

"अक्का, उठा. इथे धावायचं असतं," शेठ म्हणाले.

"पानीना मांगे आम्ही रोज पळतस, शेठ. आज तुम्ही थांबा."

धावणारे थांबले. कुणी घड्याळाकडे पाहू लागलं, कुणी तलावाकडे. बांधावर शांतता झाली. झिपरू पुन्हा कान लावून सरकत राहिला आणि एका जागी थबकला. त्याने डोळे मिटले, मान हलवली. सायकलच्या पिशवीतून छन्नी-हातोडी काढली आणि पहिला ब्लॉक फोडला.

अखिलशेठनी लगेच पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन लावला आणि तो झिपरूच्या कानाशी धरला. "एकही ब्लॉक फोडायचा नाही," आतून आवाज आला. "फोडलास तर घरी बस!"

"साहेब, व्हॉल्व्हचे अठरा आटे फिरवतो आणि मग बोलतो," झिपरू म्हणाला आणि पुन्हा हातोडी उचलली.

सात ब्लॉक फुटले. वाळू उकरल्यावर झाकण दिसलं. चावी बसली. अठरा आटे फिरले, तसं खाली पाणी धडधडत निघालं, आणि बायका हंडे उचलून घराकडे धावल्या.

अकरा वाजता ऑफिसात झिपरूकडून चावी जमा करून घेतली. कारण लिहिलं, ट्रॅकचं नुकसान. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. झाकण कुणी गाडलं, हे एकानेही विचारलं नाही. विचारायचं कशाला? पारसच्या फोटोत तर झाकण कुठे दिसतच नव्हतं.

दुपारी झिपरू खळवाडीत सुनंदाबाईंच्या नातीच्या हळदीला गेला. दारात नवरीचा मामा, अभिमन, पहिल्या मानाने पाय धुवून घ्यायला उभा होता. सुनंदाबाईंनी त्याला हाताने बाजूला केलं आणि तांब्या घेऊन आधी झिपरूसमोर आल्या.

झिपरूने पाय मागे घेतले. "नको अक्का, जपी ठेवा. पुढलं पानी कोन सोडी, माले माहित नही."

सुनंदाबाईंनी ऐकलं नाही. सगळा तांब्या त्याच्या पायांवर ओतला, आणि दुसरा भरायला आत गेल्या.