झेंडूचं बी

कपालेश्वराच्या पायरीवर फुलांची पुडी सोडली, तर कागदावर माझंच अक्षर! ओल्या शेवंतीनं शाई फुटली होती. पण समीकरण माझं, खाडाखोडही माझीच.

तशीच मखमलाबादला घरी आले. माळ्यावरची पेटी रिकामी. पीएच.डी.साठी हातानं लिहिलेला माझा प्रबंध सासऱ्यांनी फुलबाजारात आपल्या मळ्यातल्या फुलांच्या पुड्या बांधायला नेला होता.

"मामा, माझे कागद?"

"रद्दी व्हती ना ती? लगीन झाल्यावर कसला आभ्यास? बस झाली थेरं."

"जाऊ दे ना मनीषा, परत लिही," नवरा म्हणाला. परत लिही म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चहात ओतलेलं दूध आपलं आपण कधी वेगळं होत नाही. का होत नाही? एकेका कणाला तर परतीची वाट मोकळी असते. एवढंच मी त्या प्रबंधात शोधत होते.

मामांचा जीव दोन डब्यांत होता. एकात पिवळ्या झेंडूचं बी, दुसऱ्यात भगव्याचं, दिसायला अगदी सारखं. त्यांच्या वडलांपासून राखलेलं. एक वाण नाल्याच्या अलीकडे, दुसरा पलीकडे लावायचे, एकाचं वारं दुसऱ्याला लागू नये म्हणून. अशा एकरंगी फुलांसाठी व्यापारी थेट बांधावर यायचे.

लावणीच्या तोंडावर मामा बाजारात गेले, तेव्हा मी दोन्ही डबे परातीत ओतले, चांगले कालवले आणि निम्मं निम्मं परत भरलं. बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

दसऱ्याला नाल्याच्या दोन्ही बाजूंना खिचडी फुलली. व्यापारी बघून आल्या पावली गेला. मामा बांधावर बसले.

"कुनी केलं हे?"

"मी."

मला वाटलं, आता अंगावर येतील. यावेत, असंच वाटत होतं. पण त्यांनी मळ्याकडे बोट केलं.

"आता बी परत येगळं व्हईल का गं?"

"नाही मामा. आता एकमेकांचं वारं लागलं. हेच तर लिहिलं होतं त्या कागदांत."

ते उठले. दोन पाट्या घेतल्या आणि एकीत पिवळी, एकीत भगवी, अशी फुलं खुडायला लागले. दिवस मावळेपर्यंत खुडत होते. मी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना त्यांनी पुड्यांसाठी पळसाची पानं घेतली. जुन्या पेपरांचा गठ्ठा ओट्यावर तसाच होता.