बाईंचं पुस्तक आणि माझी काच

मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे, मित्रांनो. सध्या पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत पडून आहे. अंगाला 'मुद्देमाल' अशी चिठ्ठी बांधली आहे आणि काचेवर बोटभर धूळ आहे. धुळीचं मला काही वाटत नाही. माझ्या हातून जे झालं, त्याची मात्र किळस येते.

नवी होते तेव्हा माझं भारी कौतुक होतं. लोक दाखले आणायचे, मुलं अभ्यासाची चार पानं आणायची. स्वतःच्या अभ्यासापुरती थोडी पानं काढली तर कायद्याचीही हरकत नसते. पण चार पानांवर मालकाचं समाधान होईना. तो अख्खी पुस्तकं माझ्यावर पालथी घालू लागला आणि स्पायरल लावून समोरच्या शिवणवर्गात विकू लागला. वर म्हणायचा, मी तर विद्यादान करतो. चोर तो चोर, वर शिरजोर!

मग एक दिवस दुसऱ्या एका शिवणवर्गाच्या बाई आल्या. बारा वर्षं खपून त्यांनी कापड बेतण्याचं पुस्तक लिहिलं होतं, आकृत्याही स्वतःच काढल्या होत्या. आता दुसरी आवृत्ती निघायची होती. आपल्या प्रतीत पेन्सिलने दुरुस्त्या करून, प्रकाशकाला पाठवायला त्यांना तिची एक झेरॉक्स हवी होती. मालकाने त्यांना मावशी म्हटलं, बसायला स्टूल दिलं आणि बटण दाबताना प्रतींचा आकडा गुपचूप एकाचा दोन केला. बाईंना ते कळलं नाही. मी निमूट छापत राहिले.

नंतर त्याने बाईंच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली आणि शेकडो प्रती काढल्या. समासातल्या दुरुस्त्या झाकायचं मात्र घाईत राहून गेलं.

दोन महिन्यांनी बाई त्यातलीच एक प्रत घेऊन दुकानात उभ्या राहिल्या. मालक निर्लज्जपणे म्हणाला, "शिवणाची विद्या काय तुमच्या एकटीची आहे? आणि पुस्तकाची नोंदणी तरी केलीय का?"

"विद्या सगळ्यांचीच आहे," बाई म्हणाल्या. "पण ही वाक्यं माझी, या आकृत्या माझ्या. लिहिलं तेव्हाच त्यांच्यावर माझा हक्क झाला. त्याला नोंदणी लागत नाही."

मग एक्केचाळिसावं पान उघडून त्यांनी समासातलं स्वतःचं अक्षर वाचून दाखवलं, "इथे माझं चुकलं. बाही अर्धा इंच वाढवावी." आणि विचारलं, "हे तुझं चुकलं होतं का रे?"

बाई तिथून थेट पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेल्या. पोलीस आले, पंचनामा झाला, मी इथे आले. खटला चालू आहे.

पण प्रकाशकाने तोवर दुसरी आवृत्ती रद्द केली होती. बाजारात चोरीच्या प्रती स्वस्तात मिळत असताना ती घेणार कोण? पंचनाम्याच्या वेळी हवालदाराने बाईंना सहज विचारलं, आता पुढचं पुस्तक कोणतं. लहान मुलांच्या कपड्यांवरचं अर्धं लिहून झालंय, असं त्या म्हणाल्या.

"पण वही बांधून ठेवलीय. लिहायचा उबग आलाय."

मित्रांनो, पुस्तक आवडलं तर विकत घ्या, वाचनालयातून आणा, एखादा उतारा लागला तर लेखकाचं नाव घालून उतरवून घ्या. अख्खं पुस्तक उचलून माझ्या बहिणींकडे मात्र नेऊ नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.