यादवची जीभ

मित्रांनो, उठून तुमचं स्वागत करता येत नाही, राग मानू नका. मी बर्फाची पेटी आहे. आता तर नुसतीच पेटी, कारण बर्फाचं तोंड पाहून मला किती वर्षं झाली ते मीच विसरले आहे. नाशिकला पेठ नाक्याजवळ एक परमिट रूम आहे, तिच्या मागच्या अंगणात कोळशाच्या पोत्यांखाली मी पडून असते. झाकणाची एक बिजागरी तुटली आहे, आतला पत्रा सडला आहे, आणि खरं सांगू का, मला आता कशाचाच हुरूप राहिलेला नाही. पण एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. ती कुणाला तरी सांगावी आणि मगच भंगारात जावं, एवढीच इच्छा आहे.

गोष्ट बियरची आहे. लगेच नाकं मुरडू नका. शाळेच्या फळ्याने गोष्ट सांगितली असती तर ती अभ्यासाची झाली असती. माझ्या वाट्याला आलं ते मी सांगणार. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, एवढं बजावून मी मोकळी होते.

१९९१ साली पंचवटीतल्या वाळू मिस्त्रींनी मला घडवलं. बाहेरून सागाच्या फळ्या, आतून जस्ताचा पत्रा, आणि दोन्हींच्या मध्ये ठासून भरलेला लाकडाचा भुसा. पाणी सोडायला तळाशी एक भोक आणि त्याला खुंटी. वाळू मिस्त्री कामाचे पक्के आणि तोंडाचे फटकळ. मला हातगाडीवर चढवताना त्यांनी परमिट रूमच्या मालकाला, किशोरशेठना, ऐकवलं होतं की पेटीवर बसाल तर याद राखा. शेठ दुसऱ्याच दिवशी माझ्यावर बसले. चांगले वजनदार गृहस्थ होते.

रोज सकाळी कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची. सावळीराम वेटर टोच्याने ती फोडायचा, तुकडे माझ्यात भरायचा आणि त्यात बाटल्या खोचून उभ्या करायचा. हा सावळीराम कळवणकडचा. अंगाने काटकुळा, बोलायला गोड, आणि स्वतः थेंबाला न शिवणारा. गिऱ्हाईक बसलं की तो बाटली घेऊन जाई आणि न उघडता समोर धरी. गिऱ्हाईक हाताची मागची बाजू बाटलीला लावून बघे, मान हलवी, आणि मगच बूच निघे. एकदा बूच निघालं की तक्रार चालत नसे. असा तिथला रिवाज होता.

आता माझं एक व्यंग सांगते. बर्फ वितळला की माझ्यात गुडघाभर पाणी साचायचं आणि त्या पाण्यात बाटल्यांची लेबलं सुटायची. दुपारपर्यंत माझ्या पोटातल्या सगळ्या बाटल्या उघड्याबोडक्या व्हायच्या आणि लेबलं पाण्यावर तरंगत राहायची. कोणती बाटली कोणती, हे मग फक्त पत्र्याच्या बुचावरून ओळखायचं. सावळीराम ते बरोबर ओळखायचा. लोक त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे, आणि त्याला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

१९९४ च्या शिमग्याआधीची ती दुपार. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली माणसं दिवाळीनंतर नाशिककडच्या द्राक्षबागांत कामाला येतात आणि शिमगा आला की काही केल्या थांबत नाहीत, घरी जातात. त्यांच्या जीपगाड्या आमच्या नाक्यावरूनच सुटायच्या. त्या दुपारी त्यांच्यातला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. पस्तिशीचा असेल. धुतलेला सदरा, हातात टोपी. बायको भिमाबाई बोचकी घेऊन बाहेर झाडाखाली बसली होती. आत येऊ की नको, अशा विचारात तो बराच वेळ उंबऱ्याशी घुटमळला. मला तर वाटलं, जातो आता परत.

शेवटी तो आत आला. नाव यादव. तो बागाईतदाराकडे कामाला होता. मालकाकडे पाहुणे आले की सोनेरी लेबलच्या बाटल्या गोणपाटात बांधून विहिरीत सोडायच्या आणि गार झाल्या की वर ओढायच्या, हे काम यादवचं. चार वर्षं त्याने साहेबलोकांसाठी बियर गार केली आणि कधी बुचाला नख लावलं नाही. पण एवढ्या गार केल्या, तर एक तरी चाखून बघावी, असं त्याला वाटायचं. म्हणून त्याने वर्षभर मनाशी ठरवून ठेवलं होतं. तो सावळीरामला म्हणाला, सोनेरीच पाहिजे, दुसरी नको.

आणि नेमकी त्या दिवशी गार झालेली सोनेरी संपली होती. गरम बाटल्या मागच्या खोलीत होत्या. माझ्यात उरल्या होत्या त्या निळ्या लेबलच्या, हलक्या कंपनीच्या. लेबलं अर्थातच गळालेली. सावळीरामने माझ्यात हात घातला, एक बाटली वर काढली, तिच्याकडे पाहिलं, समोरच्या त्या माणसाकडे पाहिलं, आणि स्वतःशीच पुटपुटला, "याला काय कळतंय."

मित्रांनो, हे तीन शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. त्याने हातातल्या फडक्याखाली बूच काढलं आणि खिशात टाकलं. यादवला हात लावून बघायचा रिवाज ठाऊकच नव्हता. त्याने ग्लास दोन्ही हातांनी उचलला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. पुढचा घोट घ्यायला त्याने इतका वेळ लावला की शेठही बघत राहिले. गोडसर हाय, तो म्हणाला. मागून भाजल्या धान्यावाणी वास येतो. अर्धा ग्लास तो झाडाखाली भिमाबाईला देऊन आला. तिने तोंड वाकडं केलं, तर म्हणाला, तुला साहेबाच्या वस्तूची पारख नाय. दाम सोनेरीचे देऊन, सगळ्यांना रामराम करून तो गेला. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मीसुद्धा खूश झाले होते, लाज वाटते सांगायला.

सावळीरामला वाटलं, गेला तो गेला. पण पुढच्या शिमग्याआधी यादव पुन्हा हजर. पाड्यावर वर्षभर त्याने साहेबाच्या बियरचीच गोष्ट सांगितली होती. आता सावळीरामने त्याला अस्सल सोनेरी दिली, बूच दाखवून. यादवने घोट घेतला. मग दुसरा घेतला. आपल्यासाठी एवढं केलं, आता नाव कसं ठेवायचं, असं त्याला झालं असावं. बरी हाय, तो म्हणाला, पण त्या दिवसावाणी नाय लागत. सावळीरामचा चेहरा पडला.

तिथेच सांगून टाकायचं की नाही? पण सावळीराम गप्प बसला. त्याला वाटे, सांगितलं तर या माणसाची वर्षभर जपलेली चीज आपण हिसकावून घेऊ. असं तो एकदा आचाऱ्याजवळ बोलला होता. आणि दुसरंही होतंच, लोक आपल्याला प्रामाणिक म्हणतात, त्याचं काय? खरं कारण कोणतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मी आपली थंड बसून राहिले.

मग दर वर्षी तेच. यादव येई, सोनेरी मागे, पिई, आणि विचारात पडे. दोष त्याने बाटलीला कधी दिला नाही, सावळीरामला तर नाहीच. त्याने दोष दिला स्वतःच्या जिभेला. तंबाखूने जीभ मेली असणार, म्हणून तिसऱ्या वर्षी त्याने तंबाखू सोडली. फरक पडेना. मग मोहाची दारू सोडली. मग शिमग्याआधी महिनाभर तिखट बंद केलं. एकदा तर नाक्यावरच्या नळावर तोंड धुऊन, जीभ घासून आला आणि लहान मुलासारखा विश्वासाने बसला. घोट घेतला आणि मान खाली घातली. सावळीराम आत येऊन माझ्या झाकणावर दोन्ही हात टेकून कितीतरी वेळ उभा राहिला.

१९९८ साली शेठनी काचेचा मोठा फ्रिज आणला. त्यात लेबलं सुटत नव्हती. मला मागे सरकवण्यात आलं. ज्या पेटीतली बाटली काढ म्हणून लोक हट्ट धरायचे, तिच्यावर आता कांद्याच्या टोपल्या आल्या. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण वीज गेली की शेठना माझी आठवण व्हायची, मग घाईघाईने लादी यायची आणि मी दिवसभरापुरती पुन्हा कामाची व्हायची. तोवर माझ्या फळ्या फुगल्या होत्या, खुंटीतून पाणी झिरपत होतं. थकल्यावर कामाला बोलावणं आलं की आनंद होतो आणि जीवही जातो.

२००३ च्या मार्चमध्ये अशीच दोन दिवस वीज नव्हती. सावळीरामचे गुडघे गेले होते; महिनाअखेर काम सोडून तो कळवणला लेकीकडे, साधनाकडे, राहायला जाणार होता. दुपारी यादव आला. दाढी पांढरी झालेली. या खेपेला भिमाबाई झाडाखाली बसली नाही, ती त्याच्या मागोमाग थेट आत आली आणि सावळीरामसमोर उभी राहिली.

तिचं म्हणणं असं, की भाऊ, तुम्ही शहाणी माणसं, तुम्हीच याला समजवा. आमच्या पाड्यावर लग्नकार्यात वरणाचं मोठं पातेलं उतरलं की पहिला थेंब याच्या तळहातावर घालायचे. मीठ कमी की जास्त, ते यादवने सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बापापासून चालत आलेला मान तो. आता हा कुणाला उभं करत नाही. माझी जीभ मेली, म्हणतो, दुसऱ्याला विचारा. लोकांनी बोलावणंच सोडलं. आमच्या मोहिनीचं लग्न झालं औंदा, पोटच्या पोरीचं, तिथेही हा पातेल्याजवळ आला नाही.

यादव भिंतीकडे बघत होता. सावळीरामने हातातलं फडकं माझ्या झाकणावर ठेवलं. मला वाटलं, आजही हा गिळून टाकणार.

"दादा," तो म्हणाला, "तुमची जीभ बरी आहे. पहिल्या दिवशी मी तुम्हाला सोनेरी दिलीच नव्हती. हलकी दिली होती, निळ्या लेबलची. लेबल सुटलं होतं. मला वाटलं, तुम्हाला काय कळणार."

भिमाबाई खाली बसली. यादव म्हणाला, पुन्हा सांग. सावळीरामने पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत, एकही न गाळता. मग यादव म्हणाला, दोन्ही आण. सावळीरामने माझ्यात हात घातला, दोन उघड्याबोडक्या बाटल्या काढल्या, आत जाऊन दोन ग्लास भरले आणि काहीही न सांगता समोर ठेवले. यादवने एकातला घोट घेतला. चूळ भरली. दुसऱ्यातला घेतला, आणि तो तोंडात असतानाच त्याचं बोट त्या ग्लासावर गेलं.

"ही," तो म्हणाला.

सावळीरामने मान हलवली. निळ्या लेबलचीच होती ती. यादवने ग्लास पुढे सारला, पुढचा घोट घेतला नाही. इतक्या वर्षांनी गवसलेली त्याची आवडती बियर समोर होती आणि त्याला ती नकोशी झाली होती. सावळीराम त्याच्या पायाशी वाकायला गेला. गुडघे वाकेनात, म्हणून अर्ध्यावरच थांबला. यादवने त्याला दंडाला धरून सरळ केलं. शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

"भाऊ, बियरचं जाऊ दे," यादव म्हणाला. "मोहिनीच्या लग्नात वरण खारट झालं व्हतं. पंगतीत बसलो, पहिल्याच घासाला मला कळलं. उठून सांगितलं असतं तर पुढच्या पंगतीआधी पाणी घालता आलं असतं. वऱ्हाडी उठून गेले. मी म्हनलं, माझीच जीभ खोटी असंल."

मग ती दोघं उठली आणि जीपकडे गेली. सावळीराम दारात उभा राहून बघत होता. यादव पुन्हा कधी आमच्याकडे आला नाही. महिनाअखेर सावळीरामही गेला, आणि त्यानंतर माझ्यात कुणी बर्फ भरला नाही.

मित्रांनो, मला तेल-पाणी करा, सावलीत ठेवा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझं आता काय राहिलं आहे? कोळसा ठेवायला मी पुरेशी आहे. पण दारात कुणी टोपी हातात घेऊन उभा असला आणि 'याला काय कळतंय' हे तुमच्या ओठांवर आलं, तर ते तिथेच गिळा. आणि चुकून तोंडातून गेलंच, हातून काही घडलंच, तर त्याला त्याच दिवशी गाठा आणि सांगून टाका. माझ्या पोटातच लेबल सुटलं होतं, मला सगळं ठाऊक होतं, आणि नऊ वर्षं एक भला माणूस माझ्यासमोर आपली जीभ घासत राहिला. मी लाकडाची, मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.